लॅपटॉप भंगारात टाकण्याआधी

तारकर्लीजवळ होमस्टे चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: २०१७ चा लॅपटॉप आहे, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट बंद झाले, ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो, हा आता भंगार, नवा घ्या. दहावीतला मुलगा म्हणतो, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकूया. ‘फुकटची वस्तू भरवशाची असते का? मराठी टायपिंग, प्रिंटर, भावाचं हिशेबाचं टॅली यांचं काय? आणि बिघडलं तर आमच्याकडे बघणार कोण?’

कुडाळात मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर उघडतोय आणि जोडतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. निकाल आधीच सांगतो. लॅपटॉप भंगार नाही. मुलाचं ऐका. भावाच्या मशीनला मात्र हात लावू नका.

विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, चालतोच. पण दर मे महिन्यात कौलं चाळायला येणारा माणूस यायचा थांबला, असं समजा. पहिल्या सरीला काही होत नाही, श्रावणापर्यंत कुठेतरी गळायला लागतं. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ ठेवली आहे. तिचा एक मार्ग पैसे भरण्याचा आणि एक बिनपैशाचा, पण दोन्हींना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे तुमच्याच टेबलावरच्या लॅपटॉपला वर्षभराचं अभय हवं तर आधी त्यांच्याकडे नाव नोंदवायचं.

११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकला! यादीत नाव नाही, पण यंत्र झिजलेलंही नाही. आठ जीबी रॅम होमस्टेच्या कामाला पुरून उरते. तो हळू चालत असेल तर आत अजून फिरती हार्डडिस्क असणार. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका, निम्मं रडगाणं तिथेच संपतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहता, तर एकदा रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर फिरवून घ्या. खाऱ्या हवेने ते काळपट पडतात, मशीन मध्येच अडतं, आणि लोक ‘व्हायरस आलाय’ म्हणून माझ्याकडे आणतात.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येतो. तो लिनक्स बहुधा जुन्या मशीनवर हलका चालतो म्हणून सुचवत असेल. ते खरंच आहे, पण माझ्या लेखी कारण वेगळं.

विंडोज बसवताना ‘मान्य आहे’ म्हणून आपण जे दाबतो तो करार एकदा वाचून बघा. त्यात स्वच्छ लिहिलंय की सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरण्याचा परवाना दिला आहे. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला ही भाषा नवी वाटू नये. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात ती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. कुळाने कसायचं, झाडं जगवायची, आणि शब्द खोताचा चालायचा. उपमा फार ताणत नाही. कुळांनी जे सोसलं त्यापुढे अपडेटचा ताप म्हणजे काहीच नव्हे. पण करारातलं नातं त्याच जातीचं आहे: कष्ट तुमचे, कागद तुमचे, फोटो तुमचे, आणि हे सगळं उघडेल की नाही, किती वर्षं उघडेल, ते ठरवणारा तिसराच.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून एका डबड्याची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी शिमग्याच्या तोंडावर जवळच्या एका गावच्या देवस्थान समितीचे दोघेजण गोणपाटात गुंडाळलेला जुना सीपीयू घेऊन आले. आत मानकऱ्यांची यादी होती. पालखी कोणत्या वाडीत कधी जाते, कुठे किती वेळ थांबते, कुणाचा नारळ आधी, हे सगळं गावातल्या एका मास्तरांनी बसून टाइप केलेलं. मास्तर वारले होते आणि दोन वाड्यांत क्रमावरून कुरबुर सुरू झाली होती. कागदावरची प्रत वाळवीने खाल्लेली, म्हणून भिस्त या डबड्यावर.

मराठी टायपिंगचं ते सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं होतं, पावतीसुद्धा जपून ठेवलेली. त्याच्याबरोबर तेव्हा डोंगल यायचं. काडेपेटीएवढा प्लास्टिकचा ठोकळा, मागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावायचा. तो जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. मी तो ओढून काढला तर पिना हिरव्यागार, आणि दोन मोडून पोर्टातच राहिलेल्या. कंपनीला फोन लावला. ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या, पण जुन्या फाइली तिच्यात उघडतीलच असं नाही, हे उत्तर मिळालं. समोरची मुलगी सौजन्याने बोलत होती, तिचा काही दोष नव्हता.

फाइल दुसऱ्या कशात उघडावी तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा यांची खिचडी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे नुसती वेलांटी. कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येक कंपनीचं निराळं. तो फॉन्ट गेला की मजकूर गेला. देवस्थानाची यादी हार्डडिस्कवर अक्षर न अक्षर शाबूत होती, आणि वाचता येत नव्हती.

शेवटी कुणीतरी हौसेने लिहून मोकळा सोडलेला फॉन्ट बदलण्याचा एक छोटा प्रोग्राम मिळाला. त्यात आमचा फॉन्ट नव्हताच. पण त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, समोर उघडा होता, त्यामुळे आतला तक्ता बघून आमच्या फॉन्टची जुळणी त्यात भरता आली. तीन रात्री गेल्या. सगळ्यात छळलं ते ‘मानकऱ्यां’मधल्या त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ने. दर ठिकाणी ‘मानकर्‌यां’ नाहीतर ‘मानकर्यां’ यायचं. गावऱ्हाटीच्या कागदांत हे अक्षर किती वेळा येतं ते मला तेव्हा कळलं. आज ती यादी युनिकोडमध्ये, ओडीटी फाइलमध्ये आहे. ओडीटी ज्या ओडीएफ रचनेतली, ती २००६ पासून आयएसओ २६३०० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आतली मांडणी छापून जाहीर केलेली, कुणीही वाचावी. उद्या ती उघडणारं लिब्रेऑफिस बंद पडलं तरी दुसरा कोणी ती फाइल उघडणारं काहीतरी लिहू शकतो. वाड्यांचं भांडण मिटलं का, ते विचारू नका.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात ते हे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही येतं, म्हणून त्यांना दरवेळी खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तरी आपण नेमका ‘फुकट’ उचलतो आणि मग नाक मुरडतो. त्यात चार गोष्टींची मोकळीक असते. कशाहीसाठी वापरा, आत काय आहे ते बघून हवं तसं बदला, दुसऱ्याला प्रत द्या, बदललेली प्रतही द्या. आपल्या बागायतदारांना हे कळायला अडचण नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेली काजूची जात एकदा बागेत उभी राहिली की तिच्या काडीवर पुढची कलमं शेजारी बांधतोच की.

या विचाराची सुरुवातही एका अडलेल्या प्रिंटरपासून झाली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय केली होती की कागद अडकला की थांबलेल्यांना निरोप जावा. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा कोड मिळेना, आणि ज्याच्याकडे होता त्याने कुणालाही न देण्याचं वचन देऊन ठेवलेलं. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि दोन्ही जुळून पूर्ण प्रणाली उभी राहिली. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणकही २०१७ च्या नोव्हेंबरपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. फुकटची वस्तू भरवशाची असते का, याला माझं हे उत्तर.

खरं तर आपल्याकडे फुकट असतं ते विंडोजच. क्रॅक मारलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेलं. हे मी दुसऱ्यावर बोट दाखवून बोलत नाही. दुकान काढल्यापासून कित्येक वर्षं मी स्वतः तेच केलं. तीनशे रुपये, एक सीडी, पुढे पेनड्राइव्ह, वर अ‍ॅक्टिव्हेटर. गिऱ्हाईक खूश, मी खूश. मग २०१९ मध्ये काजू प्रक्रिया करणारे एक ओळखीचे काका आले. त्यांच्या सगळ्या फाइलींच्या नावांना नवीनच शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: किल्ली हवी तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. अशा चिठ्ठ्या सोडणारी खंडणीची जात त्या काळात क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधूनच पसरत होती. त्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेटर कोणी चालवला होता ते मला माहीत होतं. वर्षभराचा बी खरेदीचा हिशेब गेला. काकांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, उलट चहा मागवला. त्यानंतर क्रॅक बंद. विंडोजच हवं असेल तर परवाना विकत घ्या, नसेल घ्यायचा तर लिनक्स घ्या, एवढंच सांगतो. काही गिऱ्हाइकं शेजारच्या गल्लीत गेली.

कोकणात नेटवर्कचाही विचार करावा लागतो. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा तिकडे आणि दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे ना वीज होती, ना टॉवर. जनरेटरवर मशीन चालू करता येतं, टॉवर उभा करता येत नाही. लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची एक तयार आवृत्ती, पेनड्राइव्हवरून नेटशिवाय पूर्ण बसतं, आणि तिथे नाव-पासवर्ड टाकायचा तो तुमच्या मशीनपुरता. अपडेट तुम्ही म्हणाल तेव्हा. फोनच्या हॉटस्पॉटवर पाहुण्याचं बुकिंग बघत असताना दोन जीबी परस्पर गडप होत नाहीत.

तुमच्यासाठी मी मिंटच घेईन. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि मांडणी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. त्यावर मिंटची प्रत चढवा आणि लॅपटॉप चालू करताना बूट मेनूत पेनड्राइव्ह निवडा. बहुतेक लॅपटॉपवर एफ-१२ किंवा एफ-९. मग काहीही न बसवता मिंट तिथूनच चालतं, हार्डडिस्कला धक्का लागत नाही. घाई इथेच होते, म्हणून हात जोडून सांगतो, अर्धा दिवस असंच वापरा. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, झाकण बंद करून उघडलं की जागं होतं का, प्रिंटर सापडतो का. परदेशी पाहुण्यांचा फॉर्म सी भरायची साइट, बुकिंगची पानं, बँक, सातबारा, हे सगळं ब्राउझरमधलं काम. तेही उघडून बघा. पटलं तर पुढे जा, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज होतं तसं.

बसवण्याआधी फोटो आणि कागद बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ‘घेतलाय बॅकअप’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी शॉर्टकट कॉपी केलेले असतात. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. एसएसडी नवीनच टाकणार असाल तर सगळ्यात सोपं: जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवा, वर्षभर पुसू नका.

मराठी टायपिंगची काळजी सोडा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येते, उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर फोनेटिकही आहे. टायपिंगच्या परीक्षेमुळे बोटं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेल्यांना एक जादा पॅकेज टाकावं लागतं, पाच मिनिटांचं काम. मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’ नावाच्या आपल्याच मंडळींनी केलेले देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. होमस्टेच्या पाटीला बालू छान दिसतो.

आता अडचणी. प्रिंटर ही पहिली. वायफायवर चालणारे अलीकडचे बरेच प्रिंटर मिंट आपोआप ओळखतं. पण प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे दिसणारे जुने छोटे लेझर प्रिंटर कंपनीच्या बंद ड्रायव्हरवर चालतात, आणि ते लिनक्सवर रडवतात. एकदा असाच एक चालू करण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि पुढच्या अपडेटला तो पुन्हा रुसला. तुमच्याकडे तसला असेल तर पीडीएफ करून फोनवरून छापा, नाहीतर प्रिंटर बदलायची वेळ येईल तेव्हा घेण्याआधी मला विचारा.

टॅली लिनक्ससाठी निघत नाही. आडमार्गाने चालवता येतं, पण जीएसटीच्या शेवटच्या तारखेला आडमार्ग नको. भावाच्या मशीनवर टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन दोन्ही असतील, तर तिथे परवानाधारी विंडोजच राहू द्या. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडणारे लोक ही गोष्ट दडवतात आणि मग एका बिघडलेल्या रिटर्नमुळे अख्खी बाजारपेठ लिनक्सला शिव्या घालते. आमच्याकडे हे एका सीएच्या हापिसात झालंय. सगळी मशीनं फिरवली, महिन्याभरात सगळी परत. चूक माझी होती, मी त्यांना एकच फिरवायला सांगायला हवं होतं.

मुलाच्या शिक्षणाची शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण मनात असेल. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून ग्नू-लिनक्सवरच शिकवतात, तिथली मुलं काही मागे पडलेली नाहीत. तुमचा मुलगा स्वतःहून म्हणतोय तर त्याच्याच हातून बसवून घ्या. फार तर काय, दोनदा चुकेल. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा, म्हणजे गडबड झाली की यंत्रणा आदल्या दिवसावर नेता येते.

आणि बघणार कोण? विंडोजवाल्यांइतके जण नाहीत, हे मान्य. पण बघण्याची वेळही कमी येते. माझ्या लिनक्सवाल्या गिऱ्हाइकांत सत्तरीच्या एक आजी आहेत, नेरूरच्या. बसवून दिलं तेव्हा म्हणाल्या, ‘माका फक्त नातवाचे फोटो दिसले म्हणजे झाला.’ चार वर्षांत एकदाच बोलावलं, तेही माऊसचा सेल संपला म्हणून.

एसएसडी कुडाळला येऊन टाकून घेणार असाल तर मेअखेरच्या आत या, पावसात वीज खेळते आणि बसवताना मध्येच गेली तर सगळं पहिल्यापासून. चार्जर आठवणीने आणा. दहातले सहाजण लॅपटॉप घेऊन येतात आणि चार्जर घरी टेबलावर राहतो.